नोटा कोणाच्या?

राजकारण्याला पैशाचे आमिष दाखवून जोखण्याची रीत छुप्या कॅमेऱ्याबरोबर आली, असा आपला समज असतो. तिचे मूळ शोधायला मात्र कौटिल्यापर्यंत मागे जावे लागते. ‘अर्थशास्त्रा’च्या पहिल्या अधिकरणातला दहावा अध्याय अमात्यांच्या गुप्त परीक्षांचा आहे. या परीक्षांना तिथे ‘उपधा’ म्हटले आहे आणि त्या धर्म, अर्थ, काम व भय अशा चार आहेत. अर्थोपधेत राजाने काही निमित्त काढून सेनापतीला बडतर्फ करायचे आणि त्या सेनापतीने गुप्तचरांकरवी एकेका अमात्याकडे भरघोस धनाचे आमिष पाठवायचे. राजाला संपवायचे आहे, बाकीचे तयार आहेत, तुमचे काय, अशी ती विचारणा. जो नाकारील त्याच्या हाती महसूल आणि कोषागार सोपवावे. पण हे पूर्वाचार्यांचे मत सांगून झाल्यावर कौटिल्य स्वतःची हरकत नोंदवतो. जो निर्दोष आहे त्याला या खटाटोपात बिघडवू नये. पाण्यात विष कालवल्यासारखे ते होईल, आणि बिघडलेले मन पुन्हा ताळ्यावर येईलच असे नाही. ही हरकत मला त्या साऱ्या अध्यायाहून मोलाची वाटते. आर. शामशास्त्रींनी 1909 मध्ये म्हैसूरहून हा ग्रंथ छापला आणि पुढे मुंबई विद्यापीठासाठी र. पं. कंगले यांनी त्याची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, म्हणून ती आज आपल्या हाती आहे.

स्वतंत्र भारतात हीच हरकत फार लवकर न्यायालयापुढे आली. 11 एप्रिल 1949 रोजी नवी दिल्लीतल्या कॉन्स्टिट्यूशन हाउसमध्ये विंध्य प्रदेशाचे उद्योगमंत्री राव शिवबहादूर सिंह 25,000 रुपये घेताना सापळ्यात सापडले. प्रकरण पन्नाच्या हिऱ्यांच्या खाणींचे होते. देणाऱ्याजवळ एवढी रक्कम नव्हती, म्हणून ती पोलिसांनीच पुरवली. 1954 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मंत्र्यांची शिक्षा कायम ठेवली, पण पोलिसांनाही खडसावले. गुन्हा उघडकीस आणण्यासाठी सापळा लावणे एक वेळ समजू शकते. ज्याची पैसे देण्याची ऐपतच नाही त्याच्या हाती नोटा ठेवून लाच घडवून आणणे समर्थनीय नाही.

आपल्या महाराष्ट्राच्या लाचलुचपत प्रतिबंधक विभागाची स्थापना 1957 ची. त्याच्या सापळ्याची रीत आजही पाहण्यासारखी आहे. तक्रारदार येतो, दोन पंच बोलावले जातात, नोटांचे क्रमांक लिहून घेतले जातात आणि त्यांना डोळ्यांना सहसा न जाणवणारी पावडर लावली जाते. पैसे घेतले की तक्रारदार ठरलेली खूण करतो. मग पंचांसमक्ष संशयिताची बोटे सोड्याच्या पाण्यात बुडवतात आणि पाणी गुलाबी होते. पावडर अँथ्रासीनची असेल, तर अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली बोटे निळसर चमकतात. ‘रंगेहाथ’ हा शब्द इथे अक्षरशः खरा होतो. आणि मागणी आधी होते, सापळा नंतर लागतो, हा या रीतीचा कणा आहे.

पोलिसांच्या हातातला हा सापळा पत्रकारांच्या हाती गेला तो शिकागोत. 1977 मध्ये ‘शिकागो सन-टाइम्स’ने बेटर गव्हर्नमेंट असोसिएशनच्या मदतीने ‘मिराज’ नावाचा दारूचा गुत्ता चालवायला घेतला. गल्ल्यामागे वार्ताहर उभे राहिले, छायाचित्रकार दडून बसले आणि तपासणीला येणारे सरकारी निरीक्षक पाकिटे घेऊ लागले. गाजलेल्या या मालिकेला पुलित्झर मिळाले नाही, कारण ओळख लपवून मिळवलेली बातमी परीक्षकांना रुचली नाही. त्याच सुमारास एफबीआयने बनावट अरब शेखाच्या नावाने ‘अ‍ॅबस्कॅम’ रचले. त्यात एक सिनेटर आणि सहा प्रतिनिधी दोषी ठरले.

भारतात 13 मार्च 2001 रोजी ‘तहलका’ या वृत्तसंकेतस्थळाने कोठेही अस्तित्वात नसलेल्या वेस्ट एंड कंपनीच्या नावाने काढलेली चित्रफीत दाखवली. भाजपचे अध्यक्ष बंगारू लक्ष्मण एक लाखाच्या नोटा टेबलाच्या खणात ठेवताना घरोघरी दिसले. न्यायालयाने त्यांना दोषी ठरवायला 2012 उजाडले. संसदेने मात्र पुढच्या खेपेस अशी वाट पाहिली नाही. 12 डिसेंबर 2005 रोजी ‘ऑपरेशन दुर्योधन’ या छुप्या कॅमेऱ्याच्या मोहिमेत संसदेत प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेणारे 11 खासदार दिसले आणि 23 डिसेंबरला त्यांची हकालपट्टी झाली. त्यांत एरंडोल आणि जळगावचे, म्हणजे एकाच जिल्ह्यातले दोघे होते. अशा वेळी सभागृहाने काय करावे याचा विसरलेला दाखला मुंबईचाच होता. खासदार एच. जी. मुद्गल यांनी पैसे घेऊन मुंबईच्या सराफ संघटनेसाठी संसदेत प्रश्न विचारल्याचे प्रकरण 1951 चे. तेव्हा हकालपट्टीचा ठराव येताच त्यांनी राजीनामा दिला होता.

‘दुर्योधन’मध्ये नोटा घेऊन गेलेल्या पत्रकारांवरही गुन्हा नोंदवला गेला. तो 2010 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केला. भ्रष्टाचार उघड करणे हे नागरिकाचे कर्तव्यच आहे, अशी त्यामागची भूमिका होती. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हात आखडता घेतला. स्टिंग केले एवढ्यावरून करणाऱ्याला सरसकट माफी नाही, हेतू तपासलाच जाईल, असे त्याने सांगितले. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या 2018 च्या दुरुस्तीने लाच देणाराही गुन्हेगार ठरला. तपास यंत्रणेला आधी कळवून, तिच्या मदतीसाठी पैसे देणारा त्यातून सुटतो. कोणालाही न सांगता नोटा खिशात घालून मंत्र्याच्या दारात उभ्या राहणाऱ्या वार्ताहराचे नाव त्या सवलतीत नाही.