भुईगावची बावखले : सामायिक व्यवस्थेचा एक अभ्यास

वसईच्या पश्चिम किनारपट्टीवरील भुईगाव परिसराची भाजी-बागायत बावखलांवर पोसली गेली. समुद्रसान्निध्यामुळे येथे खोलवरचे पाणी खारे होण्याचा धोका असतो; म्हणून पावसाचे गोडे पाणी साठविणारी उथळ, विस्तीर्ण बावखले खोदली गेली. बावखल बहुधा अनेक कुटुंबांचे सामायिक असे. काठावर रहाट, उपशाच्या ठरलेल्या पाळ्या आणि गाळ काढण्याचे सामूहिक श्रम ही या व्यवस्थेची अंगे होत. 1864 मध्ये लोहमार्ग मुंबईपर्यंत पोहोचल्यावर वसईच्या भाजी, केळी व फुलांना शहराची बाजारपेठ जवळ आली.

पुढे विजेच्या पंपांनी रहाटाची जागा घेतली. स्वतंत्र विहिरी व कूपनलिका आल्या आणि पाळी सांभाळण्याची गरज उरली नाही. नागरीकरणाच्या रेट्यात टँकरने होणाऱ्या पाणीउपशाविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसईचे आंदोलन उभे राहिले. तथापि अनेक बावखले कचऱ्याने व भरावाने बुजत गेली. या ऱ्हासाचे खापर केवळ अतिक्रमणावर फोडता येत नाही. भराव पडण्यापूर्वीच सामायिक कर्तव्य सुटले होते. हक्क तेवढा कागदोपत्री उरला होता.

सार्वजनिक भूमीवर सामूहिक भाजीमळे उभारताना हा अनुभव मार्गदर्शक ठरावा. वाफ्यांच्या वाटपाआधी पाण्याची पाळी आणि श्रमाचा वाटा निश्चित झाला पाहिजे. अन्यथा सर्वांची जमीन कोणाचीच राहत नाही.