आज्जांची नडगी

वाचकहो, तुमच्या घराण्यातले कोणी पहिल्या महायुद्धाला जाऊन आलेले असतील, तर त्यांच्याविषयीचे एखादे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले असणार. आमच्या घरातले वाक्य होते, "आज्जांना बसऱ्याला गोळी लागली." बेळगावजवळच्या आमच्या शेतकरी जैन घरातून लढाईला गेलेला हा एकटाच माणूस. त्यामुळे त्या वाक्याचा अभिमान होता आणि थोडा संकोचही होता. आजी म्हणायची, "गेले खरे, पण त्यांनी कुणावर हात उचलला नाही." तिला हे कसे ठाऊक, असे आम्ही कधी विचारले नाही.

दिवस मावळायच्या आत जेवणे उरकली की आज्जांचा पाय तेलाने चोळायचे काम माझ्याकडे असे. डाव्या नडगीचे हाड वाकडे जुळलेले होते आणि त्यावर लांबट व्रण होता. पुढे डॉक्टरकीचे शिक्षण झाले आणि एके दिवशी तो पाय आठवून शंका आली. गोळी आत शिरल्याची खूण नव्हती, बाहेर पडल्याचीही नव्हती. तोवर आज्जा गेलेले होते.

बऱ्याच वर्षांनी आईच्या ट्रंकेत, पोथीच्या फडक्यात, दोन वस्तू सापडल्या. एक ब्राँझचा तारा, त्यावर '१९१४-१५' असे आकडे. युद्धात मिळालेले चांदीचे पदक आत्याच्या लग्नात पैंजणांसाठी वितळवले होते. ताऱ्याला मोल नव्हते म्हणून तो वाचला. त्याच्या मागे क्रमांक, नाव, 'ड्रायव्हर' हा हुद्दा आणि 'म्यूल कोअर' ही अक्षरे ठोकलेली होती. दुसरी वस्तू म्हणजे नोकरीतून मुक्त केल्याचा कागद. इजेच्या रकान्यात लिहिले होते : डाव्या पायाचे हाड मोडले, खेचराची लाथ, डिसेंबर १९१५.

म्हणजे आज्जा शिपाई नव्हतेच. ते ड्राबी होते, खेचरांची गाडी हाकणारे. आजीचे म्हणणे खरे निघाले आणि घराण्याचा अभिमान खोटा.

मला पुढचा धागा कागदात मिळाला नाही, तो कानात होता. आज्जा झोपेत कधी कधी "सलमान पाक" असे पुटपुटत. आम्हा मुलांना वाटे, हा त्यांचा कोणी पठाण दोस्त असावा. एकदा इराकचा नकाशा पाहताना बगदादच्या दक्षिणेला, तैग्रिस नदीच्या काठी, तेच नाव दिसले. सलमान पाक हे गाव आहे. पैगंबरांचे सहकारी सलमान फारसी यांची तेथे कबर आहे. शेजारीच टेसिफोनची प्राचीन कमान उभी आहे. २२ नोव्हेंबर १९१५ रोजी तेथे जनरल टाउनशेंडच्या सहाव्या पुणे डिव्हिजनची तुर्की सैन्याशी गाठ पडली. त्या डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. म्हणजे सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर, बेळगाव या आपल्याच मुलखातली माणसे.

त्या लढाईत इंग्रजांच्या बाजूचे मृत आणि जखमी मिळून सुमारे ४,६०० माणसे कामी आली. इतक्या जखमींची सोय सैन्याने केलेलीच नव्हती. रुग्णवाहिका पुरेशा नसल्यामुळे सामान वाहणाऱ्या खेचरगाड्यांत जखमी माणसे घातली गेली. दोन चाकांच्या त्या गाड्यांना स्प्रिंग नसत. मांडीचे हाड मोडलेला, पोटात गोळी घेतलेला माणूस अशा गाडीतून खडबडीत रानातून मैलोगणती नदीकाठच्या बोटींपर्यंत जाई. मोडलेल्या हाडाची टोके प्रत्येक हिसक्याला मांसात रुततात. तो त्रास काय असतो, हे कोणत्याही डॉक्टरला सांगावे लागत नाही. बोटींतून बसऱ्याला पोचेपर्यंत अनेकांच्या जखमांवरची पहिली पट्टीही बदललेली नव्हती. ही अनागोंदी इतकी गाजली की तिच्या चौकशीसाठी मेसोपोटेमिया कमिशन नेमले गेले. जून १९१७ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि जुलैत भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला.

डिव्हिजन माघार घेत कूट येथे आली आणि ७ डिसेंबरला तुर्कांनी वेढा घातला. त्याआधी आजारी आणि जखमी माणसांना नदीने खाली पाठवले होते. कागदावरचा महिना पाहता आज्जा त्यांतच सुटले असावेत, असे मी मानतो. मागे राहिलेल्यांनी १४७ दिवस उपासमार सोसली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी ती फौज शरण गेली. खेचराची ती लाथ बसली नसती, तर हा लेख लिहायला मी बहुधा नसतो.

अहवालातला गाड्यांचा भाग वाचताना मला आमची बैलगाडी आठवली. गावातले कोणी आजारी माणूस दवाखान्यात न्यायचे असले, की आज्जा गाडीत भाताचा पेंढा हातभर जाड अंथरत आणि लंगडत का होईना, स्वतः उतरून बैलांच्या पुढे चालत. "बसा की वर," असे म्हटले तर ऐकत नसत. ते झोपेत सलमान पाकचे नाव का घेत, हे मला त्या दिवशी कळले, असे वाटते.

बसऱ्याला या युद्धाचे स्मारक आहे. ज्यांच्या कबरी सापडल्या नाहीत अशा ४०,००० हून अधिक मृतांसाठी ते उभारले गेले. त्यावर अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली, पण साध्या हिंदी शिपायांची प्रत्येक पलटणीपुढे फक्त संख्या. आपल्याकडच्या गावोगावच्या संगमरवरी पाट्यांचेही तेच : या गावातून इतके गेले, त्यांपैकी इतके मेले. या दोन आकड्यांच्या मधला माणूस, म्हणजे मोडून परत आलेला, दगडावर कोठेच नाही. मुंबईतले आजचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आपण मुलांना दाखवतो. ती इमारत संग्रहालय म्हणून खुली होण्याआधी युद्धकाळात लष्करी रुग्णालय होती. हातपाय गमावलेल्या जवानांना धंदा शिकवण्यासाठी १९१७ मध्ये मुंबईत निघालेली क्वीन मेरी संस्था आज खडकीला आहे. जखमींचा इतिहास अशा ठिकाणी आणि तुमच्या ट्रंकेत आहे.

म्हणून विनंती, पदक मोडीत घालण्यापूर्वी त्याची कड आणि पाठ भिंगाने वाचा. पलटणीचा आकडा जुना असेल तर गोंधळू नका. १९२२ च्या फेररचनेत मराठा पलटणींचे आकडे बदलले. ११० वी पलटण पाचव्या मराठा रेजिमेंटची तिसरी बटालियन झाली, आणि ११४ व्या पलटणीपासून बेळगावचे प्रशिक्षण केंद्र झाले. इंग्रजीत जाधव, पाटील ही नावेसुद्धा चार तऱ्हांनी लिहिलेली सापडतील. आणि घरातल्या वृद्धांच्या तोंडी एखादा न कळणारा शब्द असेल, तर तो जसाच्या तसा लिहून ठेवा.

मध्यंतरी आमच्या चुलतभावाने घराण्याची वंशावळ छापायला घेतली. आज्जांच्या नावापुढे 'शत्रूच्या गोळीने जखमी' असे होते. मी कागद दाखवला. तो म्हणाला, "दादा, खेचराची लाथ छापायची? लोक हसतील." आमची दोन महिने बोलणी बंद होती. शेवटी मी त्याला गाड्यांचा तो भाग वाचून दाखवला. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने पेन मागून घेतले.

आता वंशावळीत असे छापले आहे : 'मेसोपोटेमियात जखमी सैनिकांची गाडी हाकली. खेचराच्या लाथेने डावा पाय मोडला, डिसेंबर १९१५.' अजून तरी कोणी हसलेले नाही.