आधी प्राणी, मग पिंजरा

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी आजचा भाग इथे लिहून देतोय.

सुरुवात एका कबुलीने. सातवीत असताना मी हट्ट करून लाल कानांचं अमेरिकन कासव विकत घेतलं. नाण्यापेक्षा जरासं मोठं होतं. दुकानदार म्हणाला, "एवढंच राहतं." दोन-तीन वर्षांत ते टबात मावेना, खोलीत वास सुटला. एका संध्याकाळी मी आणि बाबांनी ते तळ्यात सोडून दिलं. वाटलं, पुण्य केलं. नंतर कळलं, असं परदेशी कासव आपल्या तळ्यात सोडणं म्हणजे इथल्या कासवांच्या तोंडचा घास काढणं.

म्हणूनच जेराल्ड ड्यूरेलची गोष्ट मला जवळची वाटते. बरं का, हा इंग्रज माणूस जन्मला आपल्या जमशेदपूरला, १९२५ मध्ये. एकविसाव्या वर्षी त्याला वारशाचे ३,००० पौंड मिळाले. त्या पैशांवर तो १९४७ मध्ये कॅमेरूनला प्राणी पकडायला गेला. तेव्हा हा रीतसर धंदा होता : पकडा, बोटीने आणा, प्राणिसंग्रहालयांना विका. पिंजऱ्यातला मेला, की जंगलातून दुसरा आणा.

ड्यूरेलला हेच खुपायला लागलं. मग १९५७ च्या फेरीत आणलेले प्राणी विकायचे नाहीत, असं त्याने ठरवलं. पण ठेवायचे कुठे? जागाच नव्हती! आधी प्राणी, मग पिंजरा. माझ्यासारखंच की! माकडं, साप, पक्षी, सगळी वरात बोर्नमथमध्ये बहिणीच्या घरामागच्या बागेत. नगरपालिकांकडे जागेसाठी खेटे घातले, काही जमलं नाही. शेवटी जर्सी बेटावर एक जुना वाडा भाड्याने मिळाला आणि मार्च १९५९ मध्ये त्याचं छोटं खासगी प्राणिसंग्रहालय उघडलं.

पैशांची ओढाताण कायमचीच. प्राण्यांना रोज खायला लागतं, तिकिटं मात्र रोज खपत नाहीत. प्रकरण दिवाळखोरीच्या काठावर आलं. १९६३ मध्ये त्याने ते एका ट्रस्टच्या हवाली केलं. ट्रस्टचं चिन्ह होतं डोडो, माणसाने संपवलेला पक्षी.

इथून हेतूच बदलला. लोकांना दाखवायला वाघ-सिंह जमवण्यापेक्षा, जे संपत आलेत त्यांची पिल्लं वाढवायची आणि जमेल तेव्हा घरी पाठवायची. डोडोच्याच मॉरिशसमध्ये केस्ट्रेल नावाचा छोटा ससाणा आहे. १९७४ मध्ये जंगलात असे फक्त ४ पक्षी माहीत होते. ड्यूरेलच्या ट्रस्टच्या मदतीने तिथे कार्ल जोन्स या जीवशास्त्रज्ञाने एक युक्ती केली : पहिली अंडी उचलून इनक्युबेटरमध्ये ठेवायची, म्हणजे मादी पुन्हा अंडी घालते. पिल्लं हाताने भरवून वाढवली, रानात सोडली. पुढे त्यांची संख्या शेकड्यांत गेली.

आणि आपल्याकडे? आसामातलं पिग्मी हॉग, जेमतेम २५ सेंटिमीटर उंचीचं रानडुक्कर. १९९६ मध्ये मानसच्या जंगलातून ६ डुकरं पकडून गुवाहाटीजवळ प्रजनन केंद्र सुरू झालं. त्यातही जर्सीच्या ट्रस्टचा हात होता. त्यांचे वंशज २००८ पासून पुन्हा गवताळ रानात सोडले जातायत. ड्यूरेलला हे बघायला मिळालं नाही. तो १९९५ च्या जानेवारीतच गेला.

पिंजरा तो पिंजराच, हे मान्य. जर्सीतले सगळेच प्राणी काही घरी परतले नाहीत. पण मी तळ्यावर हात झटकले आणि ड्यूरेलने आणलेल्या प्राण्यांची जबाबदारी आयुष्यभर निभावली, हा फरक मला टोचतो.

तर मंडळी, रीलमध्ये एखादं इग्वाना किंवा मकाव बघून मन भुललं, तर पैसे द्यायच्या आधी तीन प्रश्न विचारा. हा प्राणी केवढा होणार? किती वर्षं जगणार? आणि तुम्ही शिकायला, नोकरीला बाहेरगावी गेलात तर त्याला कोण बघणार? उत्तरं दुकानदाराकडून नको, प्राण्यांच्या डॉक्टरांकडून घ्या.

तुमच्या घरी असं कासव आत्ता असेल, तर तळ्यात सोडू नका. हा भाग त्या मित्राला पाठवा, ज्याने परवाच टब घेतलाय. भेटू पुढच्या भागात!