भूतार्थवाद : भाकिते पूर्ण झाली असे मानणारा ख्रिस्ती विचार

बायबलमधील युगान्ताची बहुतेक किंवा सर्व भाकिते भविष्यातली नसून पहिल्या शतकातच पूर्ण झाली, असे मानणाऱ्या ख्रिस्ती मताला ‘प्रेटेरिझम’ म्हणतात. ‘भूतकाळातील’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून हे नाव पडले. मराठीत त्याला भूतार्थवाद म्हणता येईल.

या मताच्या केंद्रस्थानी इ. स. ७० मधील घटना आहे. त्या वर्षी टायटसच्या रोमन सैन्याने यरुशलेम जिंकून तेथील मंदिर उद्ध्वस्त केले. मत्तयाच्या शुभवर्तमानातील २४ व्या अध्यायात येशू मंदिराच्या नाशाविषयी बोलतो आणि हे सारे याच पिढीत घडेल असे सांगतो. चौथ्या शतकातील इतिहासकार युसेबियसने या भाकिताची सांगड यरुशलेमच्या पाडावाशी घातली होती.

या विचाराला पद्धतशीर रूप दिले सेव्हिलचा जेझुइट लुईस दे अल्काझार याने. बायबलमधील ‘प्रकटीकरण’ या पुस्तकावरील त्याचा ग्रंथ १६१४ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला. प्रॉटेस्टंट सुधारक अशाच भाकितांच्या आधारे पोपला ख्रिस्तविरोधी ठरवत होते. भाकिते आधीच पूर्ण झाली या अर्थामुळे त्या आरोपाचा आधारच निसटत होता. तरीही पुढे डच प्रॉटेस्टंट पंडित ह्यूगो ग्रोशियसने अशीच मांडणी केली. १८७८ मध्ये इंग्लंडमधील जेम्स स्टुअर्ट रसेलने ख्रिस्ताचे पुनरागमनही इ. स. ७० मध्येच झाल्याचे प्रतिपादन केले.

आज यात दोन पंथ आहेत. आंशिक भूतार्थवादी अंतिम पुनरागमन, पुनरुत्थान आणि न्याय भविष्यात मानतात. पूर्ण भूतार्थवादी तेही घडून गेले असे म्हणतात. प्राचीन श्रद्धासूत्रांशी विसंगत म्हणून मुख्य चर्चपरंपरा हे दुसरे मत नाकारतात.