जहाजाचं चिलखत माणसाच्या अंगावर

'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मधल्या योद्ध्याच्या अंगावरचं चिलखत मुळात जहाजाचं आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी भूमिका घेऊन खेळायचा हा खेळ १९७४ साली आणला. आर्मर क्लास (घाव लागणं किती अवघड, तो आकडा) आणि हिट पॉइंट (किती मार सोसता येतो, तो आकडा) या दोन्ही गोष्टी आपल्या जुन्या खेळातून, अमेरिकी यादवी युद्धातल्या लोखंडाने मढवलेल्या युद्धनौकांच्या खेळातून आल्या, असं आर्नसनने पुढे मुलाखतीत सांगितलं.

त्या नौकांची गाजलेली झुंज ९ मार्च १८६२ ची, हॅम्प्टन रोड्सची. 'व्हर्जिनिया'च्या भिंतींना ४ इंच लोखंड आणि मागे २ फूट लाकूड. 'मॉनिटर'च्या फिरत्या मनोऱ्याला ८ इंच लोखंड. कित्येक तास दोघींनी जवळून तोफा डागल्या. गोळे लागत होते, पत्रे दबत होते, तडकत होते; आरपार मात्र एकही गेला नाही. गोळा लागणं वेगळं आणि भेदणं वेगळं.

मी मोटार विम्याचा सर्व्हेअर आहे. ठोकलेल्या गाडीचा कागद मला भागवार भरावा लागतो: बंपर बदला, बॉनेट ठोकून सरळ करा, रेडिएटर शाबूत. त्यामुळे लढाईचा कुठलाही खेळ हातात आला की मी आधी मोडतोडीचे नियम काढतो. त्या नजरेने पहिलं 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' पाहिलं तर क्लेम नामंजूरच करावा लागेल. लागणं आणि भेदणं दोन्ही एकाच फाशात गुंडाळलेलं. उघड्या अंगाला आर्मर क्लास ९, पोलादी चिलखत आणि ढालीला २. आकडा जितका लहान तितकं बरं. घाव चुकला की चिलखतावरून घसरला, ते कळत नाही, आणि चिलखताला साधा पोचाही येत नाही.

१९७८ च्या 'रुनक्वेस्ट'ने ही गाठ सोडवली. त्याच्या कर्त्यांपैकी स्टीव्ह पेरिन हा मध्ययुगीन लढाईचा सराव करणाऱ्या मंडळातला. तिथे चिलखत घालून वेताच्या तलवारींनी खरोखर हाणामारी चालते. त्याच्या नियमात घाव आधी लागतो आणि मग चिलखत त्यातला आपला वाटा खातं. शरीराचेही सात भाग. डोकं शाबूत आणि पाय निकामी, असा निकाल तिथे लागू शकतो.

गाड्यांचं हेच काम १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला स्टीव्ह जॅक्सनच्या कंपनीने 'कार वॉर्स'मध्ये केलं. गाडीला सहा बाजू: पुढची, मागची, डावी, उजवी, टप आणि तळ. प्रत्येक बाजूचं चिलखत पैसे आणि वजन मोजून घ्यायचं. समजा पुढे २० गुण आहेत आणि मशीनगनच्या फैरीने ४ काढले, उरले १६. ते संपले की मार आत, इंजिनापर्यंत आणि चालकापर्यंत. टायरचा हिशेब वेगळा. हा कागद मी डोळे मिटून पास करीन.

पुढे बारकाव्याचा हव्यासही झाला. १९८६ च्या 'फिनिक्स कमांड'मध्ये एका गोळीचा निकाल लावायला तक्त्यांमागून तक्ते चाळावे लागतात. तोवर चहा गार होतो आणि गोळी कुणाला लागली याची उत्सुकताही.

माझ्या मते खरा टप्पा १९८४ च्या 'ट्वायलाइट: २०००'ने गाठला. तिसऱ्या महायुद्धात पोलंडमध्ये कालिशजवळ अडकलेले सैनिक, आणि त्यांच्या गाड्या चालतात भट्टी लावून गाळलेल्या अल्कोहोलवर. तिथे गाडीला देखभालीचे तास द्यावे लागतात; ते चुकवले तर रणगाडा शत्रूवाचूनच रस्त्यात बसतो.

विमा अपघाताचे पैसे देतो, झिजेचे नाही. गाडीमालकांशी माझे निम्मे वाद यावरूनच होतात. खेळांनी अपघात मोजायला सुरुवातीलाच घेतला, झीज मोजायला बरीच वर्षं लावली. नियम वास्तवाला धरून आहेत की नाहीत हे मी आता तक्त्यांच्या संख्येवरून ठरवत नाही. लढाई नसलेल्या दिवशी गाडीचं काय होतं, एवढंच विचारतो.