टॅपेट कव्हर आणि गृहस्थाचे यंत्रज्ञान : मोटारीच्या घरगुती देखभालीचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

नागपूरच्या पूर्वेकडील नंदनवनसारख्या वसाहतींत भूखंड पाडून घरे बांधली गेली. घरापुढे लहानसे अंगण आणि फाटक असल्यामुळे गाडी दाराशी उभी करून ती उघडण्यास जागा मिळाली. भारतीय मोटार उद्योगाच्या इतिहासात कारखाने, परवाने व उद्योगपती यांची चर्चा विपुल झाली आहे. खरेदी केलेली मोटार वर्षानुवर्षे चालती ठेवण्यासाठी अंगणात झालेले श्रम मात्र तुलनेने उपेक्षित राहिले. इंजिनाच्या माथ्यावरील झडपांचे झाकण, म्हणजेच गॅरेजच्या भाषेतील 'टॅपेट कव्हर', उघडण्याच्या कृतीच्या आधारे या उपेक्षित बाजूचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पार्श्वभूमी : टंचाईचा काळ

वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली आणि मुंबईत कुर्ला येथे तिचा कारखाना उभा राहिला. तयार मोटारींच्या आयातीवर १९४९ मध्ये बंदी आली. देशात उत्पादनाचा कार्यक्रम नसलेल्या परदेशी कंपन्यांनी १९५३ नंतर जुळणीचे काम आवरते घेतले. पुढील तीन दशके भारतीय ग्राहकापुढे मुख्यतः फियाट (पुढे प्रीमियर पद्मिनी), अ‍ॅम्बेसेडर आणि स्टँडर्ड एवढेच पर्याय होते. नवी गाडी मिळण्यासाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे. त्यामुळे हाती असलेली गाडी टिकवणे हाच व्यवहार्य मार्ग होता.

या गाड्यांची रचनाही देखभालीस अनुकूल होती. फियाटचे १,०८९ सीसी इंजिन किंवा अ‍ॅम्बेसेडरचे १,४८९ सीसी इंजिन यांत झडपा माथ्यावर असत आणि त्यांना दांडे व रॉकर यांच्या साह्याने चालना मिळे. रॉकर व झडप यांच्यामधील फट झिजेमुळे बदलते. ती वाढली की 'टक-टक' आवाज येतो. फार कमी झाली की झडप पूर्ण बसत नाही आणि कालांतराने जळते. म्हणून ठरावीक अंतरानंतर झाकण काढणे अपरिहार्य होते.

कृती आणि तिची शिस्त

कृती वरवर सोपी आहे. इंजिन थंड होऊ द्यावयाचे, आड येणारी एअर क्लीनरची जोडणी व हवेची नळी सोडवावयाची, भोवतालची धूळ पुसावयाची आणि मगच नट सैल करावयाचे. अ‍ॅम्बेसेडरच्या झाकणाला वरून दोनच नट असत. झाकण चिकटून बसले असल्यास हातोडीच्या लाकडी दांड्याने हलकेच ठोकावे, फटीत पेचकस घालून उचकटू नये, हा पहिला धडा. कारण पत्रा वाकला की तेलाची गळती कायमची मागे लागते. बूच-लाकडाचे पॅकिंग जीर्ण झाले असल्यास बदलावे. परंतु नट अवाजवी आवळल्यास नवे पॅकिंगही चेपून निरुपयोगी होते.

झाकणाखाली गृहस्थाला गणितही भेटे. अ‍ॅम्बेसेडरच्या आठ झडपांसाठी नऊच्या बेरजेचा नियम आहे. आठवी झडप पूर्ण उघडलेली असताना पहिलीची फट तपासावी, सातवी उघडलेली असताना दुसरीची, याप्रमाणे. फिलर गेजची पातळ पट्टी किंचित ओढ देत सरकली की मोजमाप योग्य समजावे. ही 'किंचित ओढ' पुस्तकातून पूर्णतः शिकता येत नाही. ती मिस्त्रीच्या शेजारी उभे राहून हातात उतरते.

येथे एक मर्यादा नोंदविणे आवश्यक आहे. त्या काळी मोटार ही थोड्यांचीच मिरास होती आणि अनेक मालक पान्याला हातही लावीत नसत. अंगणातील ज्ञानाचा मूळ धनी बहुधा औपचारिक शिक्षण नसलेला मिस्त्रीच होता. तथापि झाकण मालकाच्या देखत उघडे आणि त्यामुळे बिघाडाचे कारण दोघांनाही दिसे. नागपूरहून निघणाऱ्या 'उद्यम' मासिकाने मराठीतून ज्या व्यावहारिक उद्योगज्ञानाचा प्रसार केला, त्याच वृत्तीचे हे घरगुती रूप म्हणता येईल.

स्थित्यंतर

पहिली मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये ग्राहकाच्या हाती आली. पुढच्याच वर्षी नंदनवनात कर्मवीर दादासाहेब कन्नमवार यांच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. यंत्रविद्या वर्गखोलीत प्रतिष्ठित होत असतानाच ती अंगणातून निघू लागली, हा योगायोग लक्षणीय आहे. मोटार उत्पादन १९९३ साली परवानामुक्त झाले आणि टंचाई सरली. उत्सर्जनाचे निकष कडक होत गेले, कार्ब्युरेटरची जागा संगणकनियंत्रित इंधनपुरवठ्याने घेतली. अनेक नव्या इंजिनांत झडपांची फट आपोआप राखली जाते, तर झाकणावर कॉइल व तारांची दाटी असते. हवा स्वच्छ राखण्यासाठी हा बदल आवश्यकच होता.

परंतु झाकण बंद होण्याचे कारण केवळ तांत्रिक नव्हते. सुटे भाग, दुरुस्ती-पुस्तिका व तपासणीची साधने अधिकृत विक्रेत्यांपुरती मर्यादित ठेवल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. या आदेशास पुढे न्यायालयीन आव्हान मिळाले. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली. तिच्या विचारकक्षेत मोटारींचाही समावेश होता.

निष्कर्ष

मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. तिच्याविषयी हळहळ स्वाभाविक असली, तरी टंचाईच्या काळाचा गौरव करण्याचे कारण नाही. टंचाईने लोकांना नाइलाजाने यंत्र शिकविले. विपुलतेत नाइलाज संपला, हे इष्टच झाले. मात्र त्याबरोबर आपल्या वस्तूचे अंतरंग पाहण्याचा अधिकारही संपावा, असे त्यातून निष्पन्न होत नाही. झाकण प्रत्येकाने उघडावेच असे नाही, पण ते उघडण्याची माहिती मालकाला आणि गल्लीतील मिस्त्रीला उपलब्ध असणे हा ज्ञानाच्या लोकशाहीचा प्रश्न आहे. मोटारीचा इतिहास लिहिताना कारखान्याच्या फाटकाइतकेच घराच्या फाटकाकडेही लक्ष द्यावयास हवे, ते याचसाठी.