चौक कोणाचा?

इटलीस जाणारा प्रवासी बहुधा तेथील देवालयें, चित्रशाळा आणि रोमन अवशेष मनांत धरून निघतो. पण त्या देशांतील नगरांचा खरा संसार उघड्या आकाशाखालीं झाला. इटालियन भाषेंत चौकास पियात्सा म्हणतात. चार रस्ते एकमेकांस छेदतात तेवढ्यानें पियात्सा होत नाहीं. चोहोंबाजूंनीं इमारतींनीं वेढलेलें, फरसबंद आणि बसण्याउठण्यास मोकळें असें तें नगराचें अंगणच होय. बाजार तेथें भरे, न्याय तेथें सांगितला जाई, देहदंड तेथें दिला जाई आणि राज्य पालटलें तर त्याची द्वाहीहि तेथेंच फिरे. म्हणून अशा चौकांत पाऊल ठेवणाऱ्यानें त्याच्या सौंदर्याबरोबर एक प्रश्नहि मनांत बाळगावा : ही जागा कोणाची? नागरिकांची, कीं सत्ताधाऱ्याची?

या प्रश्नाचें सर्वांत प्रसन्न उत्तर सिएना नगरांत मिळतें. तीन टेकड्यांच्या सोंडा जेथें एकत्र येतात त्या उतारावर ‘काम्पो’ नांवाचा चौक शिंपल्यासारखा पसरला आहे. इ. स. 1287 पासून 1355 पर्यंत सिएनाचा कारभार नऊ जणांच्या मंडळाकडे होता. हे नऊ जण मुख्यतः सावकार व व्यापारी या वर्गांतले असत आणि थोड्या थोड्या महिन्यांनीं बदलत. चौकाच्या विटांच्या फरसबंदीचे पांढऱ्या दगडी पट्ट्यांनीं नऊ भाग पाडलेले आहेत, ते त्या मंडळाचें स्मारक मानलें जातें. 1297 सालीं नगरसभेनें असा नियम केला कीं, या चौकाकडे तोंड असलेल्या घरांच्या खिडक्या स्तंभयुक्त असाव्यात आणि त्यांस सज्जे नसावेत. घर धन्याचें असलें तरी त्याचें दर्शनी अंग नगराचें, हा विचार इतक्या जुन्या काळीं कायद्यांत उतरला ही लक्षांत घेण्यासारखी गोष्ट आहे.

चौकाच्या उताराच्या तळाशीं नगरमंदिर उभें आहे. त्यांत नऊ जणांची बैठक जेथें भरे त्या दालनाच्या भिंतींवर आंब्रोजो लोरेन्झेत्ती यानें 1338–39 सालीं सुराज्य आणि कुराज्य यांचीं भित्तिचित्रें काढलीं. सुराज्याच्या नगरांत गवंडी घर बांधीत आहेत, दुकानें उघडीं आहेत, रस्त्यांत नृत्य चाललें आहे. कुराज्याच्या नगरांत शिंगें असलेला जुलूम सिंहासनावर बसला आहे आणि रस्ते ओसाड पडले आहेत. राज्य चांगलें कीं वाईट याची परीक्षा चित्रकारानें राजवाड्यांत न करतां रस्त्यांत केली. पुढें 1348 च्या महामारीनें सिएनाचें कंबरडें मोडलें, 1355 सालीं नऊ जणांचें राज्य उलथलें आणि 1555 सालीं दीर्घ वेढ्यानंतर नगराचें स्वातंत्र्यहि गेलें. तरी दर वर्षीं 2 जुलै व 16 ऑगस्ट रोजीं याच चौकांत ‘पालियो’ची घोड्यांची शर्यत होते. नगराच्या सतरा वस्त्यांपैकीं दहांचे घोडे धांवतात, स्वार खोगिराविना बसतात आणि चौकाला तीन फेरे घालतात. राज्य गेलें, पण अंगण लोकांपाशीं राहिलें.

फ्लॉरेन्सचा सिन्योरिया चौक अधिक कठोर आहे. तेथील नगरवाड्याचें बांधकाम 1299 च्या सुमारास सुरू झालें. पराभूत पक्षांतील उबेर्ती घराण्याचीं घरें पाडून ती जागा मोकळी करण्यांत आली होती, आणि त्या जागेवर पुन्हां कांहीं उभें राहूं नये असें ठरलें होतें, असें बखरकार जोव्हान्नी व्हिल्लानी सांगतो. म्हणजे या चौकाचा मोकळेपणाहि वैराच्या पोटीं जन्मला.

वाड्याच्या मनोऱ्यावरील मोठी घंटा वाजली कीं नागरिकांनीं चौकांत जमावें अशी रीत होती. या सभेस ‘पार्लामेंतो’ म्हणत. नांवानें ती जनतेची सभा. प्रत्यक्षांत चौकाच्या तोंडांशीं शस्त्रधारी शिपाई उभे करून जमलेल्यांकडून होकार वदवून घेण्याचा तो डाव असे. मेदिची घराण्यानें आपलें वर्चस्व अशाच सभांच्या द्वारें पक्कें केलें. 1494 सालीं तें घराणें हांकललें गेलें तेव्हां साव्होनारोला या संन्याशानें लोकांस बजावलें कीं, पार्लामेंतो हा लोकांच्या हातून सत्ता काढून घेण्याचा मार्ग आहे. 1495 सालीं ती प्रथा कायद्यानें बंद झाली. पण ज्या चौकानें त्याचा जयजयकार ऐकला त्याच चौकांत 23 मे 1498 रोजीं त्याला दोन सोबत्यांसह फांशी देऊन त्यांचे देह जाळण्यांत आले. फरशींत बसविलेली एक वर्तुळाकार शिला ती जागा आजहि दाखविते. 1512 सालीं मेदिची परतले, तेव्हां पुन्हां तीच घंटा वाजली आणि पुन्हां शस्त्रांच्या छायेंत पार्लामेंतो भरली. गर्दी जमली म्हणजे लोकशाही आली असें नव्हे, हा धडा या चौकाइतका स्पष्टपणें फारच थोड्या ठिकाणीं मिळेल.

1504 सालीं नगरवाड्याच्या दाराशीं मायकेलॅंजेलोचा डेव्हिड उभा केला गेला, तो बलाढ्य शत्रूपुढें न नमणाऱ्या प्रजासत्ताकाचें चिन्ह म्हणून. 1527 च्या दंग्यांत वाड्यांतून फेंकलेल्या सामानानें त्याचा डावा हात मोडला. मूळ मूर्ति 1873 सालीं आंत हलविण्यांत आली. चौकांत आज दिसते ती 1910 सालीं बसविलेली प्रतिकृति होय.

या चौकाला लागूनच उफीझीची प्रख्यात चित्रशाळा आहे, आणि येथें महाराष्ट्राचा एक धागा गुंतलेला आहे. दुसऱ्या महायुद्धांत तेथील चित्रें संरक्षणासाठीं ग्रामीण भागांतील वाड्यांत ठेवलीं होतीं. 1944 च्या उन्हाळ्यांत आघाडी फ्लॉरेन्सजवळ आली तेव्हां माँतेगुफोनी येथील अशाच एका वाड्यांत मराठा पलटणीचा तळ होता. बोत्तिचेल्लीचें ‘वसंत’ हें चित्र त्याच वाड्यांत होतें, आणि त्या अमोल ठेव्यावर मराठा शिपायांचा पहारा बसला. त्याच ऑगस्ट महिन्यांत माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानें फ्लॉरेन्समधील जुना पूल तेवढा ठेवून आर्नो नदीवरील बाकीचे सर्व पूल उडविले आणि जुन्या पुलाच्या दोन्ही तोंडांशीं असलेले मध्ययुगीन रस्ते सुरुंगांनीं पाडले. आज तेथें दिसणारीं घरें युद्धानंतरचीं आहेत.

बोलोन्या नगराची कीर्ति चौकांहून रस्त्यांनीं अधिक झाली. तेथील रस्त्यांच्या कडेनें कमानींचे आच्छादित पदपथ आहेत. शहरभरचे सारे मिळून त्यांची लांबी सुमारें 62 किलोमीटर भरते. 2021 सालीं युनेस्कोनें त्यांतील निवडक भागांस जागतिक वारशाचा मान दिला. विद्यापीठाकडे विद्यार्थ्यांची रीघ लागली, घरें अपुरीं पडूं लागलीं, तेव्हां लोक वरचे मजले रस्त्यावर पुढें काढूं लागले. अशा अतिक्रमणावर इतर नगरांनीं हातोडा चालविला. बोलोन्यानें 1288 च्या नियमांत निराळा तोडगा काढला : नव्या घरानें खालीं कमानी ठेवल्याच पाहिजेत, त्यांची निगा मालकानें राखावी, आणि त्यांतून जाण्याचा हक्क मात्र सर्वांचा असावा. जमीन एकाची आणि वाट सर्वांची, अशी ही तडजोड सात शतकांहून अधिक काळ टिकली आहे.

व्हेनिसमध्यें पियात्सा हें नांव एकट्या सान मार्कोच्या चौकासच शोभतें. इतर मोकळ्या जागांना काम्पो, म्हणजे शेत, असेंच म्हणतात. शेंकडों वर्षें टिकलेलें प्रजासत्ताक 1797 सालीं नेपोलियनपुढें लयास गेलें आणि नगर पुढें ऑस्ट्रियाच्या ताब्यांत आलें. 1848 च्या मार्चमध्यें दानिएले मानिन यानें याच चौकांत प्रजासत्ताकाची पुन्हां घोषणा केली. वेढा, उपासमार आणि पटकी सोसून तें 1849 च्या ऑगस्टपर्यंत तगलें. या चौकांतील उंच घंटाघर 14 जुलै 1902 रोजीं सकाळीं कोसळलें, पण एकाहि मनुष्याचा जीव गेला नाहीं. होतें तसें, होतें तेथेंच बांधावें असें नगरानें ठरविलें आणि 1912 सालीं तें पुरें झालें.

रोममध्यें हा प्रश्न अधिक तीव्र होतो. पियात्सा नव्होना हा लांबट चौक सम्राट् डोमिशियनच्या क्रीडांगणावर वसला आहे. त्यांतील बेर्निनीचें चार नद्यांचें कारंजें 1651 सालीं पुरें झालें. त्या चार मूर्तींत हातीं वल्हें घेतलेली आपली गंगाहि आहे. कारंज्याचें काम चालूं असतां नगरांत भाकरीची टंचाई होती, आणि पोपच्या या खर्चाविरुद्ध लोकांनीं निनांवी पत्रकें चिकटविलीं होतीं.

तेथून जवळच काम्पो दे फियोरीचा चौक आहे. जोर्दानो ब्रूनो या तत्त्वज्ञास 17 फेब्रुवारी 1600 रोजीं तेथें जिवंत जाळण्यांत आलें. 9 जून 1889 रोजीं त्याच जागीं त्याचा पुतळा उभा राहिला. आज त्या पुतळ्याच्या पायथ्याशीं बाजार भरतो.

पियात्सा व्हेनेत्सियापासून कोलोसियमकडे जाणारा प्रशस्त सरळ रस्ता 28 ऑक्टोबर 1932 रोजीं मुसोलिनीनें खुला केला. त्यासाठीं दाट वस्तीच्या आळ्या पाडून तेथील रहिवाशांस शहराबाहेर घालविण्यांत आलें. ज्या प्राचीन प्रांगणांचा गौरव म्हणून तो बांधला त्यांचाहि बराच भाग त्याच्याखालीं झांकला गेला. याच चौकावरील सज्ज्यांतून 10 जून 1940 रोजीं त्यानें युद्ध पुकारलें आणि खालच्या गर्दीनें टाळ्या वाजविल्या. 10 ऑगस्ट 1944 रोजीं मिलानच्या लोरेतो चौकांत फॅसिस्टांनीं पंधरा देशभक्तांस गोळ्या घालून त्यांचे देह लोकांस दहशत बसावी म्हणून तेथेंच टाकले. 29 एप्रिल 1945 रोजीं खुद्द मुसोलिनीचें शव त्याच चौकांत आणून टांगण्यांत आलें.

सिएनानें आपल्या अंगणाचे नियम स्वतः केले आणि बोलोन्यानें वाटसरूचा हक्क मालकाच्या उंबऱ्यापर्यंत नेला. फ्लॉरेन्समध्यें व रोममध्यें मात्र होकार देण्यासाठीं बोलाविलेली गर्दी शेवटीं आपलाच अधिकार गमावून घरीं गेली. चौक लोकांचा असतो तो तेथें लोक जमतात म्हणून नव्हे. जमलेल्यांस ‘नाहीं’ म्हणण्याची मुभा असते म्हणून. ब्रूनोच्या पुतळ्याखालीं भाजी निवडणारी गृहिणी आणि काम्पोच्या विटांवर पाय पसरून बसलेला विद्यार्थी यांना ही मुभा आज सहज वाटते. तिची किंमत कोणीं आणि कोठें चुकती केली, तें त्यांच्या पायांखालची फरशी जाणते.